गळकं छत आणि समजूत कक्ष

टेलरमास्तरांना रिकामी जागा बघवत नसे. काजं सात असली तर बटणं सातच हवीत, आणि फॉर्मात रकाना असला तर त्यात काहीतरी लिहिलेलंच हवं. या सवयीवर त्यांनी एकतीस वर्षं दुकान चालवलं, आणि याच सवयीपायी त्यांच्या टेबलावर तीन महिने जास्तीचं पाणी ठिबकलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे शिलाई मशीन, मागे कापड बेतायचं टेबल, आणि टेबलाच्या नेमकं वर छताला एक तपकिरी डाग. डाग आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला, मग परातीएवढा. "आता त्याला आपलं आडनाव लावून टाका," बायको म्हणाली. "घरचाच झालाय."

मास्तर माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, मापावरून ओळखत. रस्त्यानं कुणी गेलं की पुटपुटायचे, "चव्वेचाळीस कंबर चालली. वाढलीय." मशिदीचे मौलाना आणि चर्चचे पाद्री, दोघांच्याही विजारी एकाच आठवड्यात दोन-दोन इंच सोडाव्या लागल्या होत्या. ही गोष्ट मास्तरांनी बायकोशिवाय कुणालाही सांगितली नाही. बायकोनंही कुणाला सांगितली नाही, फक्त ज्यांनी विचारलं त्यांना सांगितली.

डागाच्या वर बाई राहायच्या. निवृत्त संगीतशिक्षिका. चर्चचा गायकवृंद त्यांच्या मुठीत होता. बोलताना जिन्याच्या कठड्यावर बोटानं ताल धरायच्या, आणि समोरचा बेताल बोलला तर थांबवून परत बोलायला लावायच्या.

"बाई, तुमची अंघोळ माझ्या टेबलावर उतरलीय," मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले.

"परक्या बाईच्या अंघोळीबद्दल बोलताना लाज नाही वाटत, मास्तर?"

"मी कशाला बोलू? तीच येते माझ्याकडे!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी जिन्यात एक निळी बादली आणून आदळली. "धरा. उसनी आहे. लक्षात असू द्या."

भांडण असं रोज, ठरल्या वेळी, मन लावून चाले. खरं तर दोष दोघांचाही नव्हता. इमारत नगरपालिकेची, पाइप फरशीच्या पोटात, आणि फरशी उकरायची तर पालिकेचाच माणूस हवा. त्यात टेबलावर पडले होते चोवीस पांढरे झगे, बाईंच्याच गायकवृंदाचे. छताचा पोपडा खाली आला असता तर मास्तरांचं नाव आणि बाईंचा कार्यक्रम, दोन्ही एकाच ढिगाखाली गेले असते.

म्हणून मास्तर पालिकेत गेले आणि फॉर्म भरायला बसले. 'तक्रारदाराचा धर्म, ऐच्छिक' असा एक रकाना होता.

"हे नाही भरलं तरी चालेल," कारकून म्हणाला.

"जागा सोडलीय ना? मग!" मास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, मुसलमान. पुढचा रकाना, ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांचा धर्म. मास्तरांनी लिहिलं, ख्रिस्ती, फक्त रविवारी. त्याखाली तक्रार लिहिली, पाइपाच्या चित्रासकट. पण कारकुनानं वरचे दोन रकाने वाचले, डोळे मोठे केले आणि कागद पाणीपुरवठ्याला न पाठवता तिसऱ्या मजल्यावर पाठवला, 'इस्लाम आणि पाश्चात्त्य समाज परस्पर समजूत कक्षा'कडे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आठवड्यानं दारात एक गृहस्थ उभे राहिले. मास्तरांनी टेबल मोकळं केलं, शिडी लावली.

"पाना कुठाय तुमचा?"

"मी काहीच घेऊन आलेलो नाही," गृहस्थ मधात बुडवलेल्या आवाजात म्हणाले. "मी फक्त ऐकायला आलोय."

टप्, बादली म्हणाली.

मास्तरांच्या बायकोनं त्यांचं नाव समजूतसाहेब ठेवलं. दर मंगळवारी ते यायचे, तीन खुर्च्या गोल मांडायचे आणि पिशवीतून एक गुळगुळीत दगड काढायचे. दगड ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं.

"मास्तर, तुमच्या मनात या क्षणी काय दाटून आलंय?"

"छतात दाटून आलंय, साहेब. मनात काही नाही."

"सुंदर. या भावनेला आपण जागा देऊ या." साहेबांनी डोळे मिटले. "तुमच्या परंपरेत पाणी पवित्र मानतात ना?"

"मानतात. पण आम्ही नळाचं घेतो. दुसऱ्यांनी वापरलेलं नाही."

"आणि बाई, खालच्या मजल्याबद्दल पाश्चात्त्य मनाला नेमकं काय वाटतं?"

"मनाचं विचारून सांगते. पाश्चात्त्य गुडघे दुखतायत, जरा उंच खुर्ची द्या." बाईंनी दगड हातात तोलला. "हा पाइपात बसेल का हो?"

टप्. टप्.

"हा आवाज," समजूतसाहेब हळूच म्हणाले, "मला किती शांत करतो."

साहेब गेले की दोघं जिन्यात थांबून त्यांची नक्कल करायचे. बाईंचा 'या भावनेला जागा देऊ या' इतका हुबेहूब व्हायचा, की मास्तर कठड्याला धरून हसायचे. मग आठवण यायची, आपलं तर भांडण आहे, आणि दोघं तोंड फिरवून आपापल्या दारात शिरायचे. पालिकेत मास्तर आणखी चारदा गेले. दरवेळी पाणीपुरवठ्याच्या खिडकीतून एकच उत्तर मिळे, "तुमचं प्रकरण कक्षाकडे आहे. दोन खाती एकाच गळतीत हात घालत नाहीत."

अकराव्या मंगळवारी थेंब बादली सोडून पडला. एका झग्याच्या खांद्यावर चहाच्या कपाच्या बुडाएवढं तपकिरी वर्तुळ उमटलं. बाईंनी झगा उचलला, उजेडाकडे धरला. ताल धरणारं बोट थांबलं.

"पहिल्या ओळीतला आहे," त्या म्हणाल्या.

"खांदा बदलतो. कापड आहे." मास्तरांनी वर पाहिलं. पोपडा पोट सुटल्यासारखा खाली लोंबत होता. "पण बाकीचे तेवीस? आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावू?"

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते.

नेमक्या त्याच दिवशी समजूतसाहेबांनी आनंदाची बातमी आणली. हे प्रकरण कक्षानं 'आदर्श संवाद' म्हणून निवडलं होतं. येत्या शुक्रवारी चार वाजता इथंच, या दुकानात, समजूत सोहळा होणार. नगराध्यक्ष येणार, मौलाना येणार, पाद्री येणार.

मास्तर तोंड उघडणार एवढ्यात बाईंनी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ घातली. "आम्हाला फार आवडेल," त्या गोड हसून म्हणाल्या.

जिन्यात मास्तर पाय चोळत होते. बाईंनी आवाज उतरवला. "मास्तर, त्या डागाखाली खुर्च्या किती मावतील?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढली. "तीन. मौलाना, मधे नगराध्यक्ष, पाद्री. नगराध्यक्षांचा खांदा वीस इंच आहे, नेम चुकायचा नाही."

"मी टब काठोकाठ भरून ठेवते. भाषण सुरू झालं की बूच काढते."

"झगे आमच्या झोपायच्या खोलीत हलवतो."

"आणि बादली?"

"त्या दिवशी बादली आजारी."

शुक्रवारी दुकान भरलं. बाईंची खुर्ची मात्र रिकामी. समजूतसाहेब कासावीस झाले. "बाई कुठे राहिल्या?"

"त्यांच्या संस्कृतीत अंघोळ करून येतात," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "आपण आदर करायला हवा."

साहेबांनी तेही वहीत लिहून घेतलं.

मौलानांनी पश्चिमेवर वीस मिनिटं घेतली, पाद्रींनी पूर्वेवर पंचवीस. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही, पण दोघांनी एकदमच कमरेचा पट्टा सैल केला. मग नगराध्यक्ष उभे राहिले. मास्तरांच्या बायकोनं झाडूच्या दांड्यानं छताला दोनदा टोचलं, जळमट काढल्यासारखं.

"बंधुभगिनींनो, दोन महान संस्कृतींमध्ये आज," नगराध्यक्ष म्हणाले, आणि टक्कल पुसलं. "आज जो प्रवाह," पुन्हा पुसलं. "जो प्रवाह वाहतो आहे..."

प्रवाह वाहिला. पोपड्यासकट. ओला चुना नगराध्यक्षांच्या खांद्यांवर बरोब्बर वीस इंच पसरला. मौलाना आणि पाद्री एकाच दिशेनं उडी मारायला गेले आणि एकमेकांच्या मिठीत पडले. कक्षाच्या फोटोग्राफरनं तेवढा एक फोटो टिपला. तो पुढे वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला.

"प्लंबर!" नगराध्यक्ष ओरडले. तीन महिन्यांत त्या गोल खुर्च्यांमध्ये बोलला गेलेला हा पहिला समजण्यासारखा शब्द.

प्लंबर बावीस मिनिटांत आला. फरशी उकरली, हाताएवढा कुजका सांधा बाहेर काढला आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"तीन महिने."

"मग आधी बोलवायचं ना मला!"

समजूतसाहेबांनी केसांतला चुना झटकला आणि तरीही दोन फॉर्म पुढे केले. 'उपक्रमाआधी तुम्हाला एकमेकांची समज किती होती? दहापैकी गुण द्या.' मास्तरांनी रकाना भरला, दहा. ओले हात पुसत खाली आलेल्या बाईंनीही लिहिलं, दहा. 'उपक्रमानंतर?' दोघांनीही दहाच.

साहेबांचा मधाळ आवाज पहिल्यांदाच चिरकला. "मग आम्ही सुधारलं तरी काय?"

"छत," दोघं म्हणाले.

चोवीस झगे वेळेत गेले. पहिल्या ओळीतला तो नवा खांदा कुठला, हे मास्तरांशिवाय कुणालाच ओळखता आलं नाही. बाईंना आलं, पण त्या बोलल्या नाहीत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी त्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि कठड्यावर बोटानं ताल धरला.

"मास्तर. माझी बादली."

"कुठली बादली?"

"निळी! उसनी होती!"

"बाई, तीन महिने तुमचंच पाणी सांभाळलं तिनं," मास्तर मशीनचं चाक फिरवत म्हणाले. "या भावनेला आपण जरा जागा देऊ या."