साहेब नाय म्हणाले

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पान ठेवून आम्ही जरा मागं सरलो, आणि तो आलाच. लोक म्हणाले, सुमन समाधानानं गेली, मागं काही ठेवलं नाय तिनं. मी मान खाली घालून उभा होतो. काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं — एकट्या मलाच. ते आजवर माझ्या तोंडातून निघालेलं नाय. भावाजवळ नाय, लेकीजवळ नाय, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाय. तुमच्याजवळ बोलतो. तुम्ही मला ओळखत नाय, तेच बरं.

मी सातवी शिकलेला माणूस. रोह्याला एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचो — ड्रम आले, ड्रम गेले, गाडी लागली, गाडी निघाली. घर पेणजवळ, हमरापूरला. सकाळी मी रोह्याची गाडी धरायचो आणि माझी बायको, सुमन, गणपतीच्या कारखान्यात जायची. ती मूर्तींचे डोळे आखायची. रंग कुणीही देतं हो, आखणीला हात लागतो. ब्रश हातात असला की तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाय, आणि ब्रश खाली ठेवला की तोंड मिटायचं नाय. मी म्हणायचो, "अगो, जरा दम घे." तर म्हणायची, "दिवसभर गणपतीसमोर गप बसते, आता तुमच्यासमोर पण गप बसू व्हय?"

हे शब्द आठवतात. आवाज आठवत नाय. माणसाचा आवाज असा जातो कुठे? — थांबा, त्याच्याकडेच येतोय.

आमची एकच लेक, रेखा. तिचं लग्न मीच जमवलं, माझ्याच कंपनीतल्या एका ऑपरेटरशी. पोरगा मी बघितला, मी ठरवला. तो हात उचलायचा. रेखा घरी आली, मी समजूत घालून परत पाठवली. पुन्हा आली, पुन्हा पाठवली. त्यानंतर ती आमच्याकडे आलीच नाय. सुरतेला मैत्रिणीकडे गेली आणि तिकडेच कामाला लागली. इकडे जावई मला रोज गेटवर दिसायचा. मी कँटीनमध्ये शिरलो की टेबलावरचं बोलणं थांबायचं. राग लेकीचा होता की माझी मला लाज वाटत होती, ते तेव्हा कळलं नाय. घरात सांगून टाकलं — तिच्याशी कुणी बोलायचं नाय. तरी सुमन माझ्या फोनवरून चोरून बोलायची. एकदा सापडली. भिंतीकडे तोंड करून, पदरात फोन धरून बोलत होती.

त्याच सुमारास कंपनीत नियम आला. गाड्यांचे मेल तोवर माझ्या फोनवर असेच यायचे. कुणा साहेबाचा फोन चोरीला गेला, त्यात कंपनीचे मेल होते, मग वरचे लोक जागे झाले. आता ज्या फोनवर कंपनीची नजर, त्याच फोनवर मेल. कॉम्प्युटरवाल्या मॅडम स्वतः स्टोअरमध्ये आल्या. फोनला कुलूप लावायला लावलं, आत कंपनीचं ॲप टाकलं. मेलच्या चित्रावर एक बारकी पिशवी उमटली. मॅडम म्हणाल्या, "काका, पिशवी दिसते तेवढंच आमचं. फोन हरवला तर आम्ही इथून पिशवी रिकामी करू. बाकी फोन तुमचा. घरचे फोन, फोटो, काही बंद नाही. त्यात आम्ही बघत नाही, आणि बघायचं म्हटलं तरी दिसत नाही."

मला नीट समजलं. कमी शिकलेला म्हणून समजलं नाय, असं म्हणायची सोय मला नाय.

घरी आलो आणि सुमनला सांगितलं, "हा फोन आता कंपनीचा. यावरून घरचं बोलायचं नाय. साहेब लोक सगळं ऐकतात. सुरतेला फोन लागला तर माझी नोकरी गेली."

तिला खरं वाटलं. का नाय वाटणार? मी सांगत होतो ना. फोन माझ्या खिशात वाजला तरी ती डोक्यावर पदर घ्यायची — साहेब बघत असतील म्हणून. मला मनात हसू यायचं. हसायचो मी, हेही सांगून टाकतो.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलली असती. नंबर माझ्या फोनात होता. गावात कुणाकडे मागायचा, म्हणजे घरातलं बाहेर काढायचं — ते तिला जमणारं नव्हतं. आणि रेखाचा फोन इकडे यायचा, तो मीच येईनासा करून ठेवला होता.

मग एका सकाळी मी आंघोळीला गेलो आणि फोन उघडाच राहिला. कारखान्यात गिऱ्हाइकं फोनवर बोलून निरोप पाठवतात, या बायका तसंच बोलून उत्तर देतात, "दादा, पितांबर पिवळाच ना?" म्हणून. तेवढं तिला येत होतं. तिनं फोन घेतला, समोर आमच्या स्टोअरचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, तो दाबला आणि बोलली. मला काही बोलली नाय. डबा दिला, मी गाडी धरली.

गेटवर एका लोडरनं टाळी वाजवली. "काय काका, काकूंनी डायरेक्ट साहेबांनाच अर्ज टाकला!" बाकीचे हसले. जावई तिथंच उभा होता, तो हसला नाय, नुसता बघत राहिला. मी ड्रमच्या मागं गेलो आणि फोन कानाला लावला.

"साहेब, नमस्कार. मी इस्टोरवाल्यांची घरवाली बोलते. तुमचा नियम हाय, मला मोडायचा नाय. पन माझी लेक सुरतेला एकटी हाय. दोन मिंटं बोलू द्या. येळेवर जेवते का, येवढंच इचारीन. कंपनीत गणपती बसवलात तर डोळे मी आखून दीन, साहेब."

एकदाच ऐकलं. मग बोट दाबून धरलं आणि सगळ्यांच्या फोनवरून ते पुसून टाकलं.

दुपारी मॅडम आल्या. त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, "काका, काकूंना असं कुणी सांगितलं? बोलू द्या की त्यांना. आत्ता लावा फोन, माझ्यासमोर." मी म्हणालो, "तिचा काहीतरी गैरसमज झाला, मॅडम." त्या गेल्या.

संध्याकाळी सुमन दारातच उभी. हाताला रंग तसाच. "काय म्हणाले साहेब?"

बघा, किती सोपं होतं! साहेब हो म्हणाले, एवढंच म्हणायचं होतं. माझं खोटं झाकून राहिलं असतं, माझा हट्ट साहेबांच्या नावावर सुटला असता, आणि ती बोलली असती. गाडीत बसून मी तेच ठरवलं होतं. पण गेटवरची ती टाळी कानात होती, जावयाची नजर होती. मी चपला काढता काढता म्हणालो, "साहेब नाय म्हणाले."

"व्हय का," ती म्हणाली. मग माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. आतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांनी ऐकून तरी घेतलं."

त्यानंतर तिनं विषय काढला नाय. गणपतीचे दिवस आले, गेले. ती डोळे आखत होती, घरी येऊन बोलत होती — कारखान्यातलं, शेजारचं, सगळं. रेखाचं नाय.

मग तिला कावीळ झाली आणि अंगात मुरली. पेणला दवाखान्यात ठेवली. डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले तेव्हा मी ओळखलं. तिनंही ओळखलं असावं. मला जवळ बोलावून म्हणाली, "अवो, साहेबांना आणखी एकदा इचारून बघा ना. आता माणूस आजारी हाय म्हणावं."

मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथं बाकावर एक बाई बाळाला पाजत बसली होती. मी त्या बाईकडे पाठ करून उभा राहिलो. फोन हातात. लेकीचा नंबर त्यात. पिशवीच्या बाहेर — माझ्या स्वतःच्या फोनात, जिथं कुणी साहेब नव्हता. लावला असता तर लागला असता. पण मग सुमननं विचारलं असतं, इतके दिवस का नाय? लेकीनं विचारलं असतं. त्याला मी भ्यालो. बायको मरत होती आणि मी त्याला भ्यालो.

आत येऊन म्हणालो, "साहेब मीटिंगमध्ये हायत."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांची पन कामं असतात." आणि भिंतीकडे कूस वळवली.

भावानं कळवलं तेव्हा लेक सुरतेहून आली, पण आई तिला जिवंत बघायला मिळाली नाय. स्मशानातून आल्यावर मला म्हणाली, "बाबा, आई शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेली होती का?" मी उठलो आणि माठातलं पाणी प्यायलो. तहान नव्हती. ती अजून तेच धरून आहे की आई रागावून गेली.

नाय म्हणणारा साहेब कुणी नव्हता. तो मी होतो.

मी कंपनीतून सुटलो तेव्हा मॅडमनी माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं, आणि पिशवी गेली. बाकी सगळं होतं तसं राहिलं. त्यांनी सांगितलं होतं तसंच. आता फोनला कुलूप नाय. सुमनचा फोटो आहे एक, कारखान्यात काढलेला, तोंड मिटलेलं, हातात ब्रश. बोलतानाचं काही नाय. बोललेलं एकच होतं.

संध्याकाळी दारात बसतो आणि तो जुना ग्रुप वर वर सरकवत जातो. गाड्या, ड्रम, गेटपास, कुणाची तरी सुट्टी. मग ती ओळ येते — तुम्ही हा मेसेज डिलीट केला. तिथं थांबतो. फोन कानाला लावतो.