एक्स-रेतली तांबी

माझ्या पोटात तांबी आहे, ही गोष्ट सासूबाईंना कळायला आठ वर्षं आणि एक कंबरदुखी लागली.

तांबी बसवली तेव्हा लेक दोन वर्षांची होती. आम्हाला एकच मूल हवं होतं आणि गोळ्या मला सोसत नव्हत्या. सासूबाईंना सांगायचं काम नवऱ्याकडे, म्हणजे नितीनकडे होतं. (केंद्र सरकारात नोकरी. ती फाईल अजून त्याच्याच टेबलावर आहे!) इकडे सासूबाईंनी दुसऱ्या नातवंडासाठी साखर सोडली. रोज सकाळी मी त्यांच्या हातात बिनसाखरेचा चहा द्यायचे आणि रोज मला स्वतःची लाज वाटायची. पण सांगायचा धीर काही होत नव्हता.

मग दिल्लीतल्या एका जानेवारीत पाण्याची बादली उचलताना कंबर धरली. एक्स-रे काढायला सासूबाई बरोबर आल्या. तिथल्या माणसानं नेहमीचा प्रश्न विचारला, "मॅडम, प्रेग्नेंट तो नहीं हो?"

"देख लो भैया, ठीक से देख लो!" सासूबाईच उत्तरल्या. केवढी आशा त्या आवाजात!

परतलो तर आर. के. पुरमची आमची अख्खी कॉलनी लॉनवर उन्हात मटार सोलत बसलेली. सासूबाईंनी एक्स-रे पाकिटातून काढला आणि सर्वांदेखत सूर्यासमोर धरला. मणक्यांच्या खाली, लख्ख, इंग्रजी टी!

"अगं बाई! हे काय गं?"

मी मटार सोलायला घेतले. (बायकांनी ओळखलं असावं. सगळ्या एकदम मटारात गढून गेल्या.)

"डिलिवरी के टाइम डॉक्टर औज़ार अंदर भूल गया!" शेजारच्या रिटायर्ड गुप्ताजींनी निकाल दिला. "बहनजी, सीधे मंत्रालय को लिखेंगे!" आणि खिशातून पेन निघालंसुद्धा! नितीन "चहा ठेवतो" म्हणून पसार झाला.

"आणि मी मेली देवाला बोल लावत होते!" सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "किती सोसलंस गं पोरी!"

आता मात्र मला राहवेना.

"आई, कोणी काही विसरलेलं नाही. ती तांबी आहे. मीच बसवून घेतली. आठ वर्षं झाली."

त्यांनी हात सोडला. चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

"म्हणजे... कायमची?"

"नाही, नाही, आई! दहाच वर्षं चालते ती!"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"मग दोनच राहिली की! गुप्ताजी, चिट्ठी रहने दो. बस, दो साल रुकना है!"

मला तेव्हा बेचाळिसावं लागलं होतं. इतकी वर्षं मी तोंड मिटून होते. उघडलं ते नेमकं स्वतःची मुदत जाहीर करायला!