मिठागरातला परलोक

माझ्या जगात मेलेला माणूस परत येत नसे. हा नियम मी स्वतः केला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. आमच्या खेळाला पट लागत नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासा टाकून पुढचं ठरवायचं. गोष्ट सांगणारी मी. पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर माझं जग उभं राहायचं आणि ताटं मांडायची वेळ झाली की आवरलं जायचं. त्यात सात बेटं होती, उडणारे मासे होते, खजिना कुठे पुरला ते स्वतःच विसरलेली एक राणी होती. आठवडाभर बँकेत लोकांचे केवायसीचे कागद तपासणारी बाई रविवारी समुद्र तयार करते, याचं मला हसूही येतं आणि भारीही वाटतं.

मुख्य खेळाडू माझी भाची. खारघरला कॉलेजात शिकते, रविवारी सकाळीच येऊन धडकते आणि माझ्याच नियमांवर बोट ठेवून मला कोंडीत पकडते. त्या रविवारी मात्र आणखी एक खेळाडू होता, तो म्हणजे माझे बाबा.

बाबा टेबलाशी येऊन बसले हेच मोठं होतं. आई गेल्यावर त्यांना उरणकडच्या गावाहून मी इकडे आणलं होतं. तेव्हापासून ते खोलीत टीव्ही लावून बसत, तोही आवाज बंद करून. काही विचारलं की हाय, नाय, यापलीकडे गाडी जात नसे. मला बडबड केल्याशिवाय करमत नाही, आणि माझ्याच घरात एक माणूस असा मिटून बसलेला. मी अगदी रडकुंडीला आले होते.

त्यांच्या मनात काय सलत होतं ते मला ठाऊक होतं. आईच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि आम्ही हात जोडून मागे सरतोय तोच कावळा शिवला. एरवी तासन्‌तास ताटकळावं लागतं. मग एकेक नातेवाईक पुढे होऊन गेलेल्याला वचन देतो, घर पुरं करू, धाकट्याला सांभाळू, तेव्हा कुठे कावळा येतो. आईच्या वेळी वचन द्यायची कुणाला संधीच मिळाली नाही. भाग्याची बाई, काही इच्छा मागे उरली नाही, असं सगळे म्हणत होते. परतताना गाडीत बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माज्यापायी पन नाय थांबली." मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही, आणि त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

तर त्या रविवारी भाचीने सरळ त्यांच्या खोलीत जाऊन टीव्ही बंद केला. "आजोबा, आमच्यात एक माणूस कमी पडतोय," म्हणाली. बाबा आले, बसले, आणि तरीवाला झाले. लोकांना होडीतून या बेटावरून त्या बेटावर नेणारा म्हातारा. सुरुवातीला नुसते हूं हूं करत होते. मग राणीच्या शिपायांनी होडी अडवली आणि बाबांनी त्यांच्याशी अशी हुज्जत घातली, अशी हुज्जत घातली की भाची खुर्चीवर पाय घेऊन बसली. बाबा हसले. मला इतका आनंद झाला की मी भाताचा कुकर लावला आणि शिटी कधी झाली ते कळलंच नाही.

आणि मग समुद्रातला राक्षस आला. मी बजावलं होतं, वळसा घालून जा. बाबांनी होडी सरळ त्याच्या तोंडात घातली. भाचीने फासा पुढे केला. बाबांनी टाकला आणि नेमका एक पडला. एक म्हणजे बुडणं.

"तरीवाला मेला," भाचीने जाहीर केलं. तिला दयामाया नाही.

"मंग माजं काम झालं," बाबा म्हणाले आणि उठण्यासाठी त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले.

ते एकदा उठून खोलीत गेले असते तर पुन्हा त्या टेबलाशी आले नसते. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"बसा," मी जवळजवळ ओरडलेच. "मेला म्हणजे संपला नाही. खरी गंमत आत्ता सुरू होते."

"मावशी, तूच म्हणालीस ना, मेलेला परत येत नाही?"

"परत येत नाही म्हणाले होते. जातो कुठे ते सांगितलं होतं का?"

ही शुद्ध पळवाट होती आणि भाचीला ती कळली. माझ्याकडे तयार काहीच नव्हतं. तोंड पुढे धावत होतं आणि डोकं मागून येत होतं. "बुडालेल्या माणसाचं पाणी होतं," मी म्हणाले. "ते पाणी भरतीबरोबर खाडीत शिरतं. आणि खाडीच्या काठाला… तिथे एक मिठागर आहे."

बाबांचे हात टेबलावरच होते. "उघाडी कंच्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. ते उचललं की खाडीचं पाणी मिठागरात येतं. बाबांनी निम्मं आयुष्य गावच्या मिठागरात ते दार सांभाळलं. आता द्रोणागिरीकडे जाताना त्या जागी गोदामं दिसतात आणि कंटेनरच्या रांगा.

"खाडीच्या अंगाला," मी म्हणाले, आणि बाबा खाली बसले.

पुढचा तासभर आम्ही तिघांनी मिळून अख्खा परलोक बांधला. असा आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता. मेलेल्यांना आत घ्यायचं ते फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला. एरवी त्यांनी बाहेर खाडीत थांबायचं. आत आलं की पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत जायचं आणि उन्हात आटवायचं. पहिल्या कप्प्यात माणसाचं नाव जातं, दुसऱ्यात त्याची भांडणं वाळतात.

"आणि आठवणी?" भाचीने विचारलं.

"त्या र्‍हातात," बाबा म्हणाले. "त्यांचंच तं मीठ व्हतं."

मला बसवेना. मी हातात भाताचा डाव घेऊन फेऱ्या मारायला लागले. मग ते मीठ सातही बेटांच्या बाजारात जातं, मी म्हणाले, आणि ज्या घरात खाल्लं जातं त्या घरी जन्माला येणाऱ्या पोरात तो जीव उतरतो. भाचीने लगेच शंका काढली, एकाच माणसाचं मीठ दहा घरांत गेलं तर? तर दहा घरांत थोडा थोडा, मी म्हणाले, म्हणूनच एखादं अनोळखी गाव आपल्याला ओळखीचं वाटतं. माझं मलाच ते इतकं पटलं की अंगावर काटा आला. बाबांनी पावसाचं काय ते विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. उचलायचं राहिलेलं मीठ विरघळून समुद्रात जाणार, त्याने पुढच्या हंगामात पुन्हा रांगेत लागायचं. वाईट माणसांचं काय, तर त्यांचं मीठ काळपट पडतं, ते मासे खारवायला द्यायचं. भाची पोट धरून हसत होती. भात करपल्याचा वास सगळ्यांनाच येत होता, पण उठलं कुणीच नाही.

"माज्या तरीवाल्याचं मीठ नको करू," बाबा मध्येच म्हणाले. "तो उघाडीवर बसंल. दार उचलाया कोनतरी पायजे."

"ओके, आजोबा परमनंट गेटकीपर," भाची म्हणाली.

मी हसले, पण मनात चर्र झालं. इतका वेळ मी त्यांना खोलीतून बाहेर ओढत होते आणि त्यांनी माझ्याच परलोकात आपली खोली शोधली होती. ते तिथे कुणाची वाट बघत बसणार होते तेही मला कळलं.

मग त्यांनी विचारलं, "बाय, कावळा हाय का तुज्या जगात?"

भाचीने हसणं आवरून माझ्याकडे पाहिलं. दहाव्याला तीही होती.

"आहे," मी म्हणाले. "उघाडीवरच बसतो. तो शिवल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत."

"नि येकदम शिवला तं?"

गाडीत न सुचलेलं उत्तर पुन्हा मागितलं जात होतं. मात्र या वेळी जग माझं होतं आणि नियम करण्याचा हक्कही माझाच होता.

"एकदम शिवला, तर त्या माणसाला परत यायची घाई असते," मी एका दमात म्हणाले. "वचनं मागत बसलं की उधाण चुकतं. मग पुढच्या उधाणापर्यंत खाडीत ताटकळा. ज्याला लवकरात लवकर पुन्हा आपल्या माणसांत यायचंय, तो काहीसुद्धा मागत नाही."

हे खरं आहे असं मी म्हणत नाही. पण तिची काही इच्छाच उरली नव्हती असं म्हणणाऱ्यांना तरी काय ठाऊक होतं?

बाबांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि मी घाबरले. पण ते हसत होते.

"मोऱ्याची लाँच," ते म्हणाले.

मुंबईला जायचं असलं की आई लाँच लागायच्या कितीतरी आधी उरणच्या मोरा बंदराच्या जेटीवर जाऊन उभी राहायची आणि तिथून बाबांच्या नावाने शंख करायची. बाबा घरी अजून चपला शोधत असायचे.

"तवा पन कंदी थांबली नाय," बाबा डोळे पुसत म्हणाले. "मंग मी काय करू उघाडीवर बसून? ती कवाच बाजारात पोचली असंल. काढा माजं मीठ. बिगीनं काढा."

"असं नाही हां आजोबा," भाची म्हणाली. "परत जन्माला यायचं तर सहा पडायला पाहिजेत." हा नियम तिने त्याच क्षणी केला होता. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण बाबांनी फासा उचललासुद्धा. त्यांनी तो इतक्या जोरात टाकला की तो टेबलावरून उडून थेट फ्रिजखाली गेला.

भाची मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाकली.

"नको बघू," बाबा खुर्चीतूनच म्हणाले. "सहा हायेत. मना दिसले."

त्यांच्या खुर्चीतून फ्रिजखालचं काही दिसत नाही. मी सहा धरले.