चाक आधी पोचलं

त्या दिवशी आमच्या ट्रकचं चाक ट्रकच्या पुढे गेलं. ट्रकमध्ये वऱ्हाड होतं. नवरदेव मी होतो.

चाक पुढे कसं गेलं हे सांगायचं तर आधी ट्रक सांगायला हवा, आणि ट्रक सांगायचा तर दादा. दादा माझा थोरला भाऊ. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातून बांबू वाहायचा. ट्रक त्याच्या हाती आला तेव्हाच म्हातारा होता. दादाच्या मते त्यात दोष एकच (ब्रेक तो दोषांत धरत नसे). ट्रक अंगानं अरुंद होता. जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्या गाड्या त्यांतून रुळावरून गेल्यासारख्या सरळ जायच्या. आमच्या ट्रकची डावी चाकं चाकोरीत आणि उजवी मधल्या उंचवट्यावर. त्यामुळे ट्रक सदा डावीकडे कललेला. पुढे पुढे तर दादा ट्रकमधून उतरून पायी चालला तरी थोडा डावीकडे कलायचा.

माझं लग्न ठरलं तसं त्यानं घरात सांगून टाकलं, "माया भावाचं वऱ्हाड वाकडं नाई जाणार."

आणि तो चंद्रपूरहून एक युक्ती ऐकून आला. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये लोखंडाची जाड, मध्ये भोक असलेली चकती घालायची. चाक तेवढं बाहेर सरकतं, गाडी रुंद होते. लोक त्याला स्पेसर म्हणतात. चार चकत्या लेथवर कातून मिळणार होत्या. फक्त एक शंका होती, आणि ती घेऊन तो माझ्याकडे आला. मी नुकताच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो.

"मास्तर, हे लावणं धोक्याचं तं नाई ना? खरं सांग. तुयंच वऱ्हाड आहे."

मी चष्मा पुसला. (चष्मा पुसताना मी विद्वान दिसतो असा माझा समज होता.)

"पायथा जितका रुंद, तितकी वस्तू स्थिर," मी म्हणालो. "नववीच्या पुस्तकात आहे. आकृतीसकट."

"म्हणजे धोका नाई?"

"उलट आहे त्यापेक्षा सुरक्षित."

आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "अन् लेथवाला काय म्हणते?"

"तो म्हणते, लोखंड आहे माय, बिस्कुट नाई."

"चाक एवढं बाहेर काढल्यावर त्याले धरून कोण ठेवते?"

"नट-बोल्ट धरते. आतापर्यंत कोण धरत होतं?"

"मंग लावा बापा. तुमी शिकले लोकं."

या विषयावर आमच्या घरात एवढाच विचार झाला.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड निघालं. पुढे केबिनमध्ये दादा, मध्ये आई, खिडकीशी पांढऱ्या शर्टात मी. मागे सगळे नातेवाईक, आणि त्यांच्या मांडीवर त्यांची पोरं. जंगल लागलं आणि चारी चाकं चाकोऱ्यांत अशी बसली की जणू मापानं कातली होती. ट्रक सरळ चालू लागला. मागून मोठी काकू ओरडली, "अगा, आज गाडी सरळ काऊन चालून राह्यली? बिघडली काय?" दादा हसला. आईसुद्धा म्हणाली की या ट्रकात आज पहिल्यांदा पाठ टेकून बसले. मी बाहेर साग पाहत होतो आणि मनातल्या मनात नववीची आकृती पुन्हा काढत होतो.

थोड्या वेळानं पुढच्या चाकाकडून आवाज येऊ लागला. कट्. कट्. कट्.

"हे काय वाजून राह्यलं?" आईनं विचारलं.

"चकती नवीन आहे माय. बसून राह्यली आपल्या जागेवर."

मीही मान डोलावली. पुस्तकात आवाजाबद्दल काही नव्हतं, म्हणून तो महत्त्वाचा नसावा.

जंगल संपलं. पुढे लांब उतार, त्यावरही तशाच चाकोऱ्या, आणि उताराखाली सुनंदाचं, म्हणजे नवरीचं गाव. मांडवाचं कापड दिसत होतं. दादानं हॉर्न वाजवला. त्याच क्षणी माझ्या खिडकीसमोरून एक चाक गेलं. घाई न करता, सरळ. मला वाटलं, कुणाचं तरी चाक निखळलं बिचाऱ्याचं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती हे लक्षात यायच्या आत ट्रक नाकावर बसला.

ट्रक पलटला नाही. तो चाकोरीत होता आणि चाकोरीनंच त्याला धरून ठेवलं. मागे सगळे एकमेकांवर पडले आणि एकमेकांमुळेच वाचले. मोडला फक्त माझा चष्मा. एक काच राहिली. सगळं वऱ्हाड उभं राहून आपलं चाक गावात जाताना पाहत होतं. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

खाली वेगळाच घोळ झाला. मुलीच्या मामांनी वाजवणाऱ्यांना गावाच्या वेशीवर उभं केलं होतं. वऱ्हाडाचं स्वागत वेशीवरच करायचं, ही रीत. मामांचा हुकूम एवढाच होता, "उतारावर धूळ दिसली का वाजवा." धूळ दिसली. त्यांनी वाजवलं. ओवाळायला, फुलं द्यायला बाया पुढे आल्या, आणि धुळीतून आमचं चाक आलं. ते वाजतगाजत वेशीतून शिरलं, बायांच्या मधून गेलं, मांडवाला वळसा घालून भाताच्या तणसीच्या ढिगात घुसलं आणि थांबलं. वाजवणारे तरीही थांबले नाहीत. थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही पायी पोचलो. मामा कमरेवर हात ठेवून उभे होते.

"चाक पोचलं तुमचं," ते म्हणाले. "आता त्याच्यावरच बसा अन् परत जा. ज्यायले चाक सांभाळता येत नाई, ते आमची पोरगी काय सांभाळतीन?"

वाजवणं बंद पडलं. मुलीचे वडील खाली पाहू लागले. मामांच्या शब्दापुढे त्या घरात कुणी बोलत नसे, हे मला सांगितलं गेलं होतं. माझं लग्न माझ्या एका काचेसमोर मोडत होतं.

दादा पुढे झाला. हात ग्रीसनं काळे झाले होते, ते त्यानं मागे धरले. "मामा, चूक माई आहे. चकत्या म्याच बसवल्या. नवरदेवाचा याच्यात काही हात नाई."

इथे मी गप्प राहायला हवं होतं. गाढवही राहिलं असतं. पण शास्त्रात एकाचं श्रेय दुसऱ्याला जाऊ नये, असं मी मुलांना शिकवत असे.

"हात माझाच आहे," मी म्हणालो. "धोका नाही असं मीच सांगितलं होतं. पुस्तकात वाचून."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग मुलीच्या वडिलांकडे वळले. "भाऊजी, हा तं शिकलेला सांगितला होता."

तेवढ्यात मांडवाच्या आतून बाईमाणसाचा आवाज आला. "चाक बाहेर सरकवलं, मंग बोल्टबी लांब टाकले होते काय?"

पडद्याशी लग्नाच्या पांढऱ्या साडीत सुनंदा उभी होती. लग्नाआधी मुलीनं एवढं बोलायची रीत नव्हती. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"नाही," मी म्हणालो. "बोल्टांचा धडा नव्हता."

आधी आई हसली. मग मोठी काकू. मग वाजवणारे. शेवटी मामांची मिशी हलली आणि ते म्हणाले, "खोटं तं बोलत नाई पोरगा. घ्या बुद्धवंदना. पण हा परत गाडीबद्दल काही बोलला तं लग्न मोडलं समजा."

लग्न लागलं. दादानं आमच्यावर टाकलेल्या फुलांवर ग्रीसची बोटं उठली होती, माझ्या शर्टावरही उठली. मग तो गावातली माणसं घेऊन वर गेला. बांबूच्या टेकूंनी ट्रक उचलला, चारही चकत्या काढल्या, दुसऱ्या चाकांचे एकेक नट घेऊन पळालेलं चाक बसवलं.

परतताना ट्रक पुन्हा डावीकडे कलला. दादा, मध्ये सुनंदा, खिडकीशी मी. आई मागे बसली. सबंध जंगलभर सुनंदा सावरत होती आणि माझ्याकडे घसरत होती. दादानं समोर पाहतच विचारलं, "मास्तर, हे धोक्याचं तं नाई ना?"

मामांची अट होती, म्हणून मी काही बोललो नाही.

यंदा दादा गेला. भेटायला आलेला प्रत्येक जण आधी रडायचा आणि मग चाकाची गोष्ट काढायचा. ट्रक कधीच भंगारात गेला. चकत्यांपैकी एक राहिली आहे, ती सुनंदानं स्वयंपाकघरात माठाखाली ठेवली आहे. माठ हलत नाही.