आईजवळची रोजंदारी

आजारी माणसाच्या खाटेभोवती औषधाच्या बाटल्या जमतात, तसे किस्सेही जमतात. बाटल्या मी फेकून दिल्या. किस्से राहिले.

बहात्तरच्या दुष्काळात मुरुमजवळच्या आमच्या गावातली सगळी घरं खडी फोडायला जात. त्यातच आई पडली. खुबा मोडला, उठता येईना. आम्ही तिघं भाऊ. ठरलं, की जो तिच्याजवळ घरी राहील त्याला बाकीच्यांनी कामावरच्या रेटनं मजुरी द्यायची. आधी बायकांना विचारलं. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. माझी बायको सगळ्यांच्या वतीनं बोलली, "खडी फुटती तरी. आत्याबाई फुटत न्हाईत!"

राहिलो मी, थोरला. माझी उजव्या हाताची दोन बोटं विहिरीच्या कामात गेली होती. हातोडा धरवत नव्हता, म्हणून साइटवर कुणी घेत नव्हतं. भावांच्या जिवावर बसून खाणं मला जमणारं नव्हतं. आईची ड्युटी हीच माझी कमाई.

* * *

पारावर एकानं चारचौघांत टोकलं, "काय माणिकराव, आईला सांभाळायचा पगार घेता म्हणं!"

"व्हय. तुमची आई कुठं असती?"

"बहिणीकडं."

"फुकट?"

गडी चहा अर्धा टाकून उठला!

* * *

पहिल्याच दिवशी वेणी घालायची वेळ आली. मी बैलांचे कासरे वळलेला माणूस. घातली. आईनं हातानं चाचपून पाहिली.

"लेका, एवढी आवळलीस, डोळं मिटंनात की माझं!"

पण ती वेणी सुटली नाही. बायकोनं घातलेली दुपारपर्यंत टिकत नसे.

* * *

रेशनला तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी बायकांनाही धड थापता येत नसे. मी थापली. आईनं ती ताटलीवर वाजवून पाहिली.

"ही खायची का हिच्यावर निजायचं?"

"खा. दात तर न्हाईत, तुटायची भीती कशाला?"

आई लई हसली. भाकरी आमटीत भिजवून सगळी खाल्ली.

* * *

एकदा मी म्हणालो, "आई, बाजारादिवशी साइट बंद असती. मलाबी सुट्टी पाहिजे."

"घे की. त्या दिवशी म्या आजारी पडत न्हाय!"

* * *

उन्हाळा तापला तसा धाकटा किसन खडीला कंटाळला. एका दुपारी सगळ्यांसमोर म्हणाला, "दादांचं काम म्या अर्ध्या मजुरीत करतो."

मधला लगेच मान डोलवू लागला. काम गेलं असतं, तर मी पुन्हा भावांच्या ताटावर. पण घासाघीस करायचा माझा स्वभाव नाही.

आई खाटेवरून बोलली, "करू दे की. आधी काम दाखव म्हणावं. परसाकडं ने मला."

किसननं तिला पैलवानासारखं उचललं आणि काट्यांच्या कुंपणामागं नेलं. मग हाक आली.

"दादा! ओ दादा! लवकर या! हिला बसवू कशी?"

मी जागचा हललो नाही. बसूनच विचारलं, "रेट काय?"

"पूर्ण! पूर्ण घ्या, पण या!"

मी उठायला लागलो. तेवढ्यात कुंपणामागून आईचा खणखणीत आवाज आला.

"इतक्यात येऊ नको रे! अजून वाढवंल त्यो!"