एरंडेल पिणारा ट्रक

मामा सौदीहून परत आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून काय निघतं ते बघायला मानवतच्या आमच्या घरी अर्धी गल्ली जमली होती. सोनं निघेल, टेप निघेल, निदान अत्तर तरी, असा सगळ्यांचा अंदाज. निघाला एक ट्रक. हातभर लांब, मोठ्या चाकांचा, लाल रंग उडालेला, रिमोटवर चालणारा आणि तोही बंद पडलेला. मामा तिथं एका शेठच्या घरी ड्रायव्हर होते. शेठच्या मुलानं वैतागून तो कचऱ्यात टाकला आणि मामांनी उचलला. दोन वर्षांच्या बोलीवर गेलेला माणूस वर्ष भरायच्या आत परत आला होता, आणि आणलं काय तर हे. आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, आयतं कोलीत मिळालं. "मेव्हणा अरबस्तानात गेला आन् कचरा घेऊन आला," हे ते रोज एकदा तरी आईच्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणत. मला त्याचा भयंकर राग यायचा.

राग यायला माझं स्वतःचंही कारण होतं. दहावीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते आणि मला परभणीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक व्हायला जायचं होतं. दादांनी माझ्यासाठी शिलाई मशीन आणून ठेवलं होतं. मला कपडे शिवायचेच नव्हते. लहानपणापासून मला कशात काय फिरतं ते बघायचं होतं, आणि ते मुलीनं का बघू नये याचं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

दादा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल मोजणारे मापारी होते. एके दिवशी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा आडतीच्या ओट्यावर हमाल, मापारी सगळे बसलेले होते. मी तिथंच विचारलं, "दादा, आयटीआयचं काय ठरलं?"

घरी विचारलं असतं तर एका शब्दात उडवून लावलं असतं. लोकांसमोर त्यांना चेव चढला. "पोरीच्या जातीला पाने-पकडी घेऊन काय करायचंय? घरी मामाचा ट्रक हाय ना, तो ह्या मोंढ्याला एक चक्कर मारून आला, तर खुशाल घालतो तुला आयटीआयला. न्हाई आला, तर गुमान शिवायला बसायचं."

सगळे खो खो हसले. मी म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलंय बरं का."

"ऐकू दे की! मी काय कुणाला भितो?"

तर असं माझं शिक्षण, पुढचं सगळं आयुष्य त्या भंगार ट्रकच्या इंजिनाला बांधलं गेलं. इंजिन ते केवढं, मोठ्या लिंबाएवढं.

मामांनी आधी त्यात पेट्रोल घातलं. "इंजिन हाय म्हंजी पेट्रोलवर चालणारच, माय," असं म्हणून इंजिन सुरू करायची दोरी ओढ ओढ ओढली. काही नाही. मग त्यांनी प्लग काढून बघितला. त्यात ठिणगी पडायची सोयच नव्हती, नुसतं केसाएवढ्या तारेचं वेटोळं. त्याला वीज दिली की ते लाल होत असणार, हे आम्हाला दोघांनाही कळलं. पण वीज किती, ते मामांनी विचारलं नाही. ओळखीच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणली आणि तार लावली. वेटोळं एकदा लखकन् चमकलं आणि संपलं. ट्रकबरोबर आलेल्या सुट्या भागांच्या डबीत दुसरा एकच प्लग होता. तो मी काढून घेतला आणि ब्लाउजच्या खिशात... नाही, ब्लाउजला खिसा नव्हता, पदराला खिसा नव्हता, मुलींच्या कपड्यांना खिसेच नसतात. कंपासपेटीत ठेवला आणि मामांना सांगितलं, "आता मी सांगेन तसं करायचं."

मामा हसले. पण त्यांनी ऐकलं, हे मात्र खरं.

मामांनी सोबत एक रिकामा डबाही आणला होता, ट्रकमध्ये घालायच्या तेलाचा. त्यावरचं इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन वाचलं. मिथेनॉल, एरंडेल आणि नायट्रोमिथेन. म्हणजे ह्या ट्रकला पेट्रोल चालतच नव्हतं. एरंडेल किराणा दुकानात मिळालं. मिथेनॉलसाठी परभणीला जायला निघालो, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, एसटी डेपोतच उभ्या. दुसऱ्या खेपेला पोचलो. कॉलेजांना रसायनं देणाऱ्या दुकानदारानं मामांकडे असं बघितलं की जणू हा माणूस ते पिणारच आहे. मी म्हणाले, "इंजिनाला हवंय, काका. नायट्रोमिथेनपण द्या." ते नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. नाही तर नाही, दोनांवर चालवू.

प्लगला टॉर्चचा एकच सेल लावला. वेटोळं शांतपणे नारिंगी झालं. दोरी ओढली आणि चौथ्या-पाचव्या ओढीला ते इवलंसं इंजिन असं किंचाळलं की शेजारची म्हैस दावं तोडायला निघाली. आईनं स्वयंपाकघरातून हात जोडले. मी नाचलेच. सेल काढला आणि इंजिन मेलं.

पुन्हा सुरू केलं. सेल असेपर्यंत चाले, काढला की मरे. पांढरा दाट धूर, आणि सायलेन्सरमधून एरंडेलाची थुंकी. मामा म्हणाले, "प्लग कमजोर हाय." मला ते पटेना. एवढं तेल बाहेर येतंय म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त जातंय. आत तेल किती सोडायचं ते ठरवणारी सुई तिकडच्या तेलासाठी बसवलेली, आणि आपल्यात नायट्रो नाही. मी सुई थोडी थोडी आत फिरवत गेले. धूर पातळ झाला, आवाज मोकळा झाला, आणि सेल काढला तरी इंजिन चालत राहिलं. जास्त आत फिरवली की ते तापायचं. मग मी भाकरीच्या तव्यावर मारतात तसा पाण्याचा थेंब त्याच्या डोक्यावर टाकून बघायची. थेंब लगेच उडाला की सुई जरा बाहेर.

आता जिंकलोच असं वाटलं. आणि मग खरा त्रास सुरू झाला. टाकी भरलेली असली की ट्रक अंगणात छान पळायचा. टाकी अर्धी झाली की खोकायचा, आपोआप आवाज वाढायचा, पडायचा, बंद. रोज तसंच. मामा म्हणाले, "ऊन लय हाय, त्याला सोसंना." दादा ओसरीतून म्हणाले, "कचरा हाय तो, कचरा!" उन्हाला दोष देणं मला मान्य नव्हतं. ऊन भरलेल्या टाकीलाही तेवढंच होतं ना? मग अर्ध्या टाकीतच का?

आतलं दिसत नव्हतं, कारण तेलाची नळी काळी होती. मी गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन सलाईनची पारदर्शक नळी मागून आणली आणि ती बसवली. टाकी भरलेली असताना नळीतून तेल सलग यायचं. अर्धी झाली की त्यात बुडबुडे. म्हणजे टाकीच्या आत जी तेल ओढणारी नळी होती, ती मध्येच कुठंतरी चिरली होती. चीर तेलात बुडालेली असेपर्यंत काही होत नव्हतं, उघडी पडली की हवा ओढत होती. टाकी उघडून नळी वाकवून बघितली. होती, नखाएवढी चीर. शेठच्या मुलानं ह्या चिरीपायी ट्रक फेकला होता. सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब आणून मी ती नळी बदलली. त्या दिवशी ट्रक टाकीचा तळ कोरडा होईपर्यंत पळाला. मी अंगणात बसून रडले, आनंदानं.

रविवारी मोंढा रिकामा असतो, पण त्या रविवारी नव्हता. दादांची पैज गावभर झाली होती. मी इंजिन सुरू केलं, रिमोट हातात घेतला आणि ट्रक सोडला. गाड्यांच्या चाकोऱ्यांवरून उड्या मारत, धूळ उडवत तो मोंढ्याला पूर्ण चक्कर मारून माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हमालांनी मामांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. "वा रे ड्रायव्हर! लय डोकं हाय बुवा!" दादाही पुढं आले, मामांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मानलं मेव्हणे तुमाला. गल्फचं शिक्षण वाया गेलं न्हाई."

आणि मामांनी ती शाबासकी घेतली. आल्यापासून पहिल्यांदाच कुणी त्यांना चांगलं म्हणत होतं. ते हसले आणि मान खाली घातली. माझ्याकडे बघितलंच नाही.

मी वाकले, सलाईनची नळी चिमटीत दाबली आणि इंजिन बंद पाडलं. दोरीची मूठ त्यांच्यापुढं केली. "मामा, आता तुमी चालू करा."

सगळे गोल करून उभे. मामांनी सेल लावला, तेल इंजिनात ओढलं जावं म्हणून सायलेन्सरवर बोट ठेवून दोरी ओढली. बोट फार वेळ ठेवलं. आत तेल भरलं आणि दोरी अडकली. त्यांनी जोर लावला, कपाळावर घाम आला. काय झालंय ते मला ठाऊक होतं, पण मी तोंड उघडलं नाही. मला त्यांची दया आली होती. पण माझ्या वाट्याचं मी कुणाला देणार नव्हते, माझ्या आवडत्या मामालासुद्धा नाही.

शेवटी मामा उठले. "मला येत न्हाई," ते म्हणाले. "पोरीनं केलंय सगळं. मी नुसता सेल धरायलो होतो."

मी प्लग काढला, ट्रक उलटा करून दोरी ओढली, आतलं तेल पिचकारीसारखं दादांच्या धोतरावर उडालं. प्लग पुसला, लावला, सेल ठेवला. दुसऱ्या ओढीला इंजिन किंचाळलं.

दादा माझ्या जवळ आले. लोकांकडे पाठ केली आणि म्हणाले, "चल, घरी बोलू."

"न्हाई. इथं बोलला होतात, इथंच बोला."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, मारतील. मी हलले नाही. मग त्यांचे ओठ हलले. "जा," एवढंच, तेही पुटपुटल्यासारखं.

मला ऐकू आलं होतं. मी इंजिनाचा आवाज आणखी वाढवला. "ऐकू आलं न्हाई, दादा."

"जा म्हणलो ना!" दादा ओरडले. "जा आयटीआयला!" साऱ्या मोंढ्यानं ऐकलं.