हादरे मोजणारा

भवानी पेठेत आमच्या यंत्रमागांच्या शेजारी नवी इमारत उठतेय. तिचे खांब जमिनीत ठोकताना आमच्या भिंतीला किती हादरा बसेल, याचा अंदाज सांगायला मंद्रूपचा एक माणूस रोज सकाळी येतो. नाव सांगितलं होतं त्यानं, पण ते लक्षात ठेवायची मला इच्छाच झाली नाही.

आला की चपला दारात काढतो, डब्याएवढं मशीन भिंतीच्या कडेला टेकवतो आणि म्हणतो, "मालक, माग जरा बंद करा की. तुमचाच हादरा लई येतोय."

म्हणजे ठोकणार ते आणि काम थांबवायचं मी! आठही माग गप्प होतात. कामगार चहाला म्हणून बाहेर पडतात, ते हाका मारून मारून आणावे लागतात. हा मात्र सावकाश आकडेमोड करतो, पेन्सिल कानावर खोचतो आणि रोज तेच ऐकवतो, "काय बी होत न्हाय. भिंत हाय तशी ऱ्हाती."

परवा चिडून मी कामगारांना हाका मारायला बाहेर गेलोच नाही. शेजारी घण पडायला लागला तसा हा उठला, भिंतीवरची माझ्या वडिलांची तसबीर उतरवली आणि छातीशी धरून उभा राहिला. सवयीचं काम असल्यासारखा.

"काही होत नाही म्हणतोस ना रोज? मग हे कशाला?" मी ओरडलो.

"अंदाज भिंतीचा हाय, मालक. खिळ्याचा न्हाय."

शेजारी आईची तसबीर होती. ती मी उतरवली आणि त्याच्या बाजूला उभा राहिलो.